इंजिन खोललेलं नाही

वाकडमध्ये गाडीचं बोनेट एकट्यानं उघडता येत नाही. खट्ट आवाज होतो आणि दुसऱ्या मिनिटाला शेजारी कुणीतरी उभं असतं. कुणी कुत्रा फिरवायला निघालेलं, कुणी कचऱ्याची बादली घेऊन, कुणाला नुसताच सुगावा लागलेला. ही मंडळी काही विचारत नाहीत. हात मागे बांधून आत डोकावतात आणि "हं" म्हणतात. सदाशिव पेठेत गाडी बंद पडली तर लोकांचं पहिलं म्हणणं असतं, "इथं लावू नका." वाकडमध्ये पहिलं म्हणणं असतं, "कॉइल गेली असणार."

दोष भूगोलाचा आहे. टेल्को पिंपरीला आली १९६६ साली. मर्सिडीजनं भारतातली पहिली गाडी १९९५ मध्ये जुळवली, तीही पिंपरीतच, टेल्कोच्या आवारात. १९९८ च्या डिसेंबरात आलेली इंडिका इथलीच. १९९९ मध्ये बजाजनं चाकणला कारखाना काढला, २००९ मध्ये फोक्सवॅगन तिथं आली, मर्सिडीजनंही त्याच वर्षी चाकणला बिऱ्हाड हलवलं, मागोमाग महिंद्रा. या सगळ्यांना नट-बोल्टापासून पिस्टनपर्यंत माल पुरवणारी भोसरीतली शेडं तर मोजायचीच नाहीत. त्यातल्या ज्यांना जमलं त्यांनी वाकडला फ्लॅट घेतले, हिंजवडीच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या शेजारी. आमच्या एकाच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर पिस्टन रिंगा राहतात, पाचव्यावर गॅस्केट, सातव्यावर क्रँकशाफ्टचं ग्राइंडिंग आणि अकराव्यावर इंजिनाच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर. एखाद्या रविवारी सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावलं, तर संध्याकाळपर्यंत अख्खं इंजिन उभं राहील. ते नीट चालेल याची हमी मात्र एकही जण देणार नाही.

हीच खरी गोम आहे. बाहेरच्या माणसाला इंजिन म्हणजे एक अखंड, भरवशाची वस्तू वाटते. आतल्याला ठाऊक असतं की महिनाअखेर होती, डिस्पॅच अडला होता, माप दोन मायक्रॉननं हुकलं होतं, आणि कुणीतरी 'डेव्हिएशन'च्या कागदावर सही करून माल पुढे ढकलला होता. मी स्वतः भोसरीत परचेस खात्यात आयुष्य काढलं. कुठल्या पार्टची किंमत काय, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. कुठल्या पार्टची लायकी काय, हे क्वालिटीवाल्यांना माहीत असायचं, आणि ते जेवणाच्या सुट्टीतसुद्धा तोंड उघडत नसत.

अशा वस्तीत राहून माझ्या भाच्यानं जुनी आणि जोरात पळणारी गाडी घ्यायचं ठरवलं.

साधी जुनी गाडी घेणाऱ्याच्या चिंता साध्या असतात. गंज, टायर, विमा, एसी. पळणारी जुनी गाडी घेणाऱ्याला एकच चिंता असते, आधीच्या मालकानं ती किती पळवली. "पळवलीच नाही" असं तो म्हणाला तर खोटं बोलतोय, कारण मग असली गाडी घेतलीच कशाला होती? आणि "पळवली की, दणकून पळवली" असं म्हणाला, तर आपण ती घ्यायची कशाला? दोन्हीपैकी कुठलंही उत्तर ऐकून समाधान झालेला माणूस मी पाहिलेला नाही. त्यात टर्बो म्हटल्यावर बघायलाच नको. तो एवढासा पंखा धुराड्याकडच्या गरम वायूवर मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, आणि ते कशाच्या आधारानं, तर तेलाच्या पातळ पापुद्र्याच्या. आधीच्या मालकानं तेल वेळेवर बदललं की नाही, हे फक्त त्याला आणि त्या पंख्याला माहीत.

भाच्याची यादी मोठी स्वदेशी होती. एक अबार्थ पुंटो, रांजणगावची, २०१५ साली आलेली, १४५ अश्वशक्तीची, नाकावर विंचवाचं चिन्ह. दुसरी स्कोडाची ऑक्टेव्हिया आरएस, जिच्या कंपनीचा कारखाना शेंद्र्याला. तिसरी पोलो जीटी टीएसआय, चाकणची. म्हणजे जगभरची वेगाची हौस भागवायला पोराला राज्याची हद्द ओलांडावी लागणार नव्हती. पैकी ऑक्टेव्हियाचे पार्ट किती महाग, हे मीच त्याला सांगितलं आणि ती यादीतून गळली. अबार्थवर जीव जडला होता, पण फियाटनं इथला गाड्यांचा धंदा गुंडाळलेला. ती गाडी बाळगणाऱ्या एकाला आम्ही भेटलो. त्यानं डिकी उघडून दाखवली. आत टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, दोन सेन्सर, एक माउंटिंग, सगळं खोक्यांत घालून, वर जुनी चादर. कुठे काही मिळालं की घेऊन ठेवतो म्हणाला. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं हे ऐकून होतो, त्या दिवशी डिकीत पाहिलं.

राहिली पोलो. २०१३ साली आली तेव्हा बाराशे सीसीचं एवढंसं इंजिन, त्याला टर्बो, १०५ अश्वशक्ती, सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स, आणि शून्यावरून शंभरावर दहा सेकंदांच्या आत. चाकणला तिचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं आणि त्या दिवसापासून जुन्या पोलोवाल्यांचा भाव वधारला, गाड्यांचाही आणि माणसांचाही.

भाच्यानं बिल्डिंगमध्ये नुसता विषय काढला, आणि त्या आठवड्यात त्याला लिफ्टमधून एकट्याला जाता येईना. पिस्टन रिंगा म्हणाल्या, "ऑइल खात असेल, बघून घे." गॅस्केट म्हणालं, "रिंगांचं काही नसतं रे, हेड गॅस्केट बघ. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग आहे का, ते बघ." क्रँकशाफ्टनं खांद्यावर हात ठेवून सांगितलं की वरचं सगळं बदलता येतं, खालचं बसलं की संपलं. अकराव्या मजल्यावरचा मुलगा सर्वांत प्रामाणिक निघाला. "दादा, ज्या गाडीत माझा कोड आहे त्या गाडीत मी मागे बसतो," म्हणाला. सेक्रेटरी काका टेल्कोतून निवृत्त झालेले. त्यांच्या मते पेट्रोल, टर्बो, ऑटोमॅटिक आणि परदेशी हे चार दोष एकाच गाडीत असणं हा योगायोग नव्हे. त्यांच्याकडे डिझेलची जुनी इंडिका आहे. ती सुरू झाली की वरच्या तीन मजल्यांवर कपबश्या वाजतात आणि सगळ्यांना कळतं, काका भाजीला निघाले.

आता गाडी बघण्याचं शास्त्र. पहिला नियम, इंजिन थंड असताना बघायचं. या टीएसआय इंजिनात टायमिंग चेन असते, आणि ती ताणून धरणारा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. रात्रभर उभ्या गाडीत तेल खाली उतरलेलं असतं. चेन लांबली असेल, टेन्शनर थकला असेल, तर सकाळी पहिल्यांदा सुरू करताना, तेलाचा दाब येईपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांत, खडखड असा आवाज होतो. नंतर सगळं शांत, गुळगुळीत, सभ्य. म्हणजे या इंजिनाचा खरा स्वभाव दिवसातून एकदाच आणि तीन सेकंद दिसतो. म्हणून भाच्यानं कस्पटे वस्तीतल्या एका मालकाला आदल्या रात्री बजावून सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका.

आम्ही भल्या सकाळी पोचलो. काळेवाडी फाट्याच्या आतल्या बाजूला एक मिस्त्री आहेत, त्यांना सोबत घेतलं होतं. पाचशे रुपये आणि वाटेत चहा, असा त्यांचा दर. हा माणूस बोलायचे पैसे वेगळे लागतात असं समजून वागतो. मालक हसतमुख होते. गाडीवरचं कव्हर त्यांनी असं काढलं, जसा पुतळ्याचा अनावरण समारंभ. "सिंगल हँड, शोरूम रेकॉर्ड, बासष्ट हजार किलोमीटर. मुख्य म्हणजे इंजिन खोललेलं नाही."

जुन्या गाड्यांच्या बाजारात हे वाक्य कानावर पडलं नाही असा सौदा होत नाही. विकणारा ते अभिमानानं सांगतो आणि घेणारा ते ऐकून मान डोलावतो. मला मात्र नेहमी वाटतं, खोललं असतं तर निदान आत काय आहे ते एका तरी माणसानं बघितलं असतं.

मिस्त्रींनी पुढे होऊन बोनेटवर तळहात ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. मग भाच्याकडे बघितलं. भाच्यानं हात ठेवला. मी ठेवला. चांगलं ऊबदार होतं.

"दूध आणायला गेलो होतो आत्ताच," मालक म्हणाले.

"कुठं?" मिस्त्री.

"हे काय, खालीच."

डेअरी सोसायटीच्या फाटकाला लागून होती. तिथपर्यंत १०५ अश्वशक्ती घेऊन जाणारा माणूस दुधाचा फार भोक्ता असावा.

तरी मिस्त्रींनी काम सोडलं नाही. पैसे ठरलेले होते. दार उघडून ते आधी खाली वाकले आणि ब्रेक पेडलचं रबर बघत राहिले. डाव्या बाजूच्या रेषा पार गुळगुळीत झाल्या होत्या. मग स्टिअरिंगवरून अंगठा फिरवला, सीटची मांडीकडची कड चाचपली. "मीटर बासष्ट सांगतंय," ते म्हणाले, "पेडल लाखाच्या वर सांगतंय." नंतर बोनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघितले. एकाचा रंग उडालेला, म्हणजे पाना लागलेला. म्हणजे बोनेट कधीतरी उतरलं होतं. कधी, कशासाठी, हे मालकांना आठवत नव्हतं. इंजिन सुरू केलं. ते अर्थातच लोण्यासारखं सुरू झालं. मिस्त्रींनी ऑइलच्या तोंडाचं झाकण काढून उलटं करून तिथंच ठेवलं. झाकण जागच्या जागी थरथरलं तर ठीक, उड्या मारायला लागलं तर रिंगा गेल्या आणि खालचा दाब वर येतोय. झाकण कुठं आणि किती नाचतं यावर आमचे चार-पाच लाख ठरणार होते, म्हणून आम्ही सगळे, मालकासकट, खाली वाकून त्या प्लास्टिकच्या तुकड्याकडे बघत होतो. ते थोडं थरथरलं, थोडं सरकलं आणि थांबलं.

मग मिस्त्रींनी हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. टोक इंजिनावर, मूठ कानाशी, डोळे मिटलेले. एक जागा, दुसरी जागा, तिसरी जागा. भाचा श्वास धरून उभा.

"कसं आहे?" त्यानं विचारलं.

"चालू आहे."

"चांगलं आहे का पण?"

"आत्ता चांगलं आहे."

अकराव्या मजल्यावरच्या मुलानं आपला ब्लूटूथचा ठोकळा दिला होता, तो भाच्यानं स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला. मोबाइलवर एकही फॉल्ट कोड नाही. मालकांचा चेहरा खुलला. पण त्या मुलानं एक गंमत शिकवून ठेवली होती. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्यांची पाटीही कोरी होते, आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला बरंच ड्रायव्हिंग लागतं. इथं एकही तपासणी पूर्ण नव्हती. म्हणजे गाडीला काय झालं होतं ते तिला आठवत नव्हतं, पण आपल्याला काहीतरी विसरायला लावलंय एवढं मात्र ती सांगत होती. दुधाचा फेरा कशासाठी झाला, याचा उलगडा झाला.

निघताना मालक हळूच म्हणाले, "पिकअप बघायचा राहिला. स्टेज वन केलेली आहे." म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनाकडून कंपनीनं सांगितल्यापेक्षा जास्त ताकद काढलेली. भाच्यानं घरी जाऊन हे आईला सांगितलं. माझी ताई कासावीस झाली. "अगं बाई! बरं झालं, लवकर तरी कळलं."

या निमित्तानं मला एक जुनी गोष्ट आठवली. विकणारा खोटं बोलतो हे ठीक, त्याला धंदा करायचाय. पण इंजिन? २०१५ साली उघडकीला आलं की फोक्सवॅगनच्या काही डिझेल इंजिनांना आपली परीक्षा चालू आहे हे ओळखू येत होतं. चाकं फिरताहेत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे आपण प्रयोगशाळेत रोलरवर आहोत. लगेच विषारी वायू आवरायचे आणि शहाण्यासारखं वागायचं. रस्त्यावर सुटलं की पुन्हा मोकळं रान. आपल्याकडे या गाड्यांची तपासणी केली एआरएआयनं, म्हणजे वेताळ टेकडीवरच्या त्या संस्थेनं, जिच्या आसपास कोथरूडची मंडळी पहाटे फिरायला जातात. त्या वर्षीच्या डिसेंबरात भारतातल्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या गेल्या. आपली पेट्रोलची आहे, तिचा या भानगडीशी काडीचा संबंध नाही, हे भाच्यानं मला परोपरीनं समजावलं. मला ते पटलं. पण ज्या घराण्यात इंजिन शास्त्रज्ञांना गुंगारा देतं, तिथं स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बसलेल्या मिस्त्रींना ते दाद देईल, हे मला जड जात होतं.

इंजिनाची अशी चर्चा चाललेली असताना गिअरबॉक्सनं गाल फुगवले. सात गिअरच्या या डीएसजीला दोन क्लच असतात, आणि दोन्ही कोरडे, म्हणजे तेलात बुडालेले नसतात. मोकळ्या रस्त्यावर सुरेख चालतात. गाडी इंचाइंचानं सरकायला लागली की अर्धवट लागून घासत राहतात आणि तापतात. चीनमधून तक्रारींचा पाऊस पडला तेव्हा कंपनीनं २०१२ मध्ये तिथं या गिअरबॉक्सची वॉरंटी दहा वर्षांपर्यंत नेली. पुढच्या वर्षी जगभरातल्या सुमारे सोळा लाख गाड्या परत बोलावल्या, कशासाठी, तर आतलं भारीतलं सिंथेटिक तेल काढून साधं मिनरल तेल भरायला. उष्ण आणि दमट हवा, त्यात सारखं थांबत-चालत जाणारं ट्रॅफिक, अशा ठिकाणी त्या सिंथेटिक तेलापायी विजेच्या यंत्रणेत बिघाड व्हायची शक्यता होती. उष्ण, दमट, थांबत-चालत. हे कुणीतरी संध्याकाळी सातला भूमकर चौकात उभं राहून लिहिलंय अशी माझी खात्री झाली.

भूमकर चौक ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगावं? हिंजवडीतली ऑफिसं सुटली की तो चौक हा चौक राहत नाही, मुक्काम होतो. चैत्री पौर्णिमेला हिंजवडीहून वाकडला म्हातोबाचं बगाड येतं, बैलांनी ओढत आणलेलं. भाच्याचा ऑफिसातून घरी यायचा पल्लाही तेवढाच. बगाड त्याच दिवशी पोचतं, एवढंच मी बोलून ठेवतो. अशा रस्त्यावर रोज जाणाऱ्या माणसाला शून्यावरून शंभर किती सेकंदांत, याच्याशी काय करायचंय, हे मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, ताकद असावी लागते. वापरायची नसते." आमच्या जीएमनी नेमकं हेच वाक्य आपल्या पदाबद्दल म्हटलं असतं.

ताईला मात्र वेगळीच काळजी. भाच्यानं तिला सांगितलं होतं की अशा इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हांना पेट्रोलची आंघोळ घडत नाही आणि त्यांच्यावर काजळी धरते. ती काढायला आक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबानं मारतात. टरफल काजळी खरवडण्याइतकं कठीण असतं आणि धातूला ओरखडा न काढण्याइतकं मऊ. ताईनं हे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आक्रोड? इंजिनाला? याच्या बापानं बाळंतपणात मला खारीक दिली नव्हती धड."

मग रावेतची गाडी निघाली. मॉडेल तेच, रंग पांढरा, एमएच १४. मालक पन्नाशीचे, डिझाइन इंजिनिअर, बोलणं हळू. आम्ही सकाळी पोचलो तर गाडी कव्हरखाली, कव्हरवर धूळ, धुळीवर मांजराची पावलं. बोनेट गार. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. चावी फिरवली. आम्ही तिघांनीही कान टवकारून ते तीन सेकंद ऐकले. काही नाही. नुसतं पोलोचं कोरडं, घाईतलं भुणभुण.

मालकांनी फाइल आणली. प्लास्टिकच्या पाकिटांत एकेक बिल, तारखेनं लावलेलं. कंपनी पंधरा हजार किलोमीटरला ऑइल बदला म्हणते, यांनी साडेसातला बदललेलं. गिअरबॉक्सचं काम झालं होतं, त्याचं बिल सगळ्यात वर. लपवायचं सोडून हा माणूस ते आधी दाखवत होता. मला हे सगळं फार संशयास्पद वाटलं. परचेसमध्ये एक शिकलो होतो, ज्याचे कागद इतके व्यवस्थित त्याचा माल एकदा फोडून बघावा. पण पेडलचं रबर मीटरशी जुळत होतं, बोल्टांना पाना लागलेला नव्हता, आणि ब्लूटूथच्या ठोकळ्यानं सगळ्या तपासण्या पूर्ण दाखवल्या. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला आणि नेहमीपेक्षा लवकर काढला.

मग मात्र चक्रं उलटी फिरली. मालकांनी भाच्याला समोर बसवलं.

"गाडी कुठं लावणार? बेसमेंटला की वर?"

"बेसमेंटला."

"पाणी साठतं का पावसाळ्यात?"

"नाही साठत."

"लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद करता की थोडं थांबता?"

"थांबतो. अर्धा मिनिट. टर्बो गार व्हायला."

मालकांनी मान हलवली. "पेट्रोल कुठलं टाकणार? आता सगळीकडे वीस टक्के इथेनॉल आलंय. ही गाडी त्याच्या आधीची." भाच्यानं महागड्या पेट्रोलचं नाव घेतलं. मालकांचं अर्धं समाधान झालं. मग खुर्चीत पुढे सरकून त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला.

"ऑफिस कुठं?"

"हिंजवडी. फेज थ्री."

खोलीत शांतता पसरली. मालकीणबाई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

"म्हणजे रोज... भूमकर चौकातून?"

माझा भाचा लहानपणापासून खोटं बोलत नाही. ताईनं त्याला तसं वाढवलंय. त्यानं त्या माणसाच्या डोळ्याला डोळा देऊन सांगितलं, "नाही नाही, मी बहुतेक घरूनच काम करतो. ऑफिसला गेलोच तर बाइकवर."

मालकांनी मोठा उसासा सोडला. टोकन घेतलं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना त्यांचा हात दोनदा थांबला. किल्ली देताना म्हणाले, "उतारावर ब्रेकवर पाय ठेवून हळूहळू सोडू नका तिला. आवडत नाही तिला ते." मिस्त्री हे ऐकून बाहेर जाऊन उभे राहिले.

नारळ म्हातोबाला फुटला. चारी चाकांखाली लिंबं गेली. सेक्रेटरी काकांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून "डिझेल नाहीये ना?" अशी खात्री करून घेतली. त्या दिवसापासून भाचा रोज सकाळी लवकर उठतो. व्यायामाला नव्हे, ते तीन सेकंद ऐकायला. गाडी सुरू करून कान लावून उभा असतो, आणि त्याच्याबरोबर आता पिस्टन रिंगा आणि गॅस्केटही उभे असतात. परवा रिंगांना काहीतरी ऐकू आलं. गॅस्केटला नाही आलं. वाद मिटला नाही, पण दोघांची साखर आटोक्यात आली असं त्यांच्या घरचे म्हणतात, कारण जिने उतरून येतात. संध्याकाळी भूमकर चौकातून बैलगाडीच्या वेगानं घरी आल्यावरही भाचा इंजिन अर्धा मिनिट चालूच ठेवतो. टर्बो गार करतोय म्हणतो. जो दिवसभरात फिरलाच नाही, तो गार कसा करायचा, हे मला कळत नाही. समोरच्या वहिनींना वाटतं, घरी जायचं टाळतोय.

शेवटी महिन्याभरानं एका रविवारी तो पहाटे एक्सप्रेस वेवर घेऊन गेला, लोणावळ्यापर्यंत. तिथं गाड्यांना ताशी शंभरची मर्यादा आहे आणि वर कमानींवर कॅमेरे आहेत, हे त्याला माहीत होतं. मोकळा रस्ता, गार हवा, आणि महिनाभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कुजलेला तो बिचारा गिअरबॉक्स. दोन दिवसांनी मोबाइलवर चलान आलं. गाडीचा फोटो एकदम झकास, नंबर स्पष्ट, आणि खाली छापलेलं, वेग १३१.

ताई रागावली. मी दंडाची रक्कम बघितली आणि परचेसवाल्याच्या नजरेनं मनात हिशेब केला. मिस्त्रींचे पाचशे, त्यावर त्यांनी दिलेलं प्रमाणपत्र "आत्ता चांगलं आहे." इथं सरकारनं तारीख, वेळ, ठिकाण आणि आकडा घालून, फोटोसकट, लेखी दिलं होतं की इंजिनात दम आहे. भाच्यालाही ते कळलं असावं. त्यानं रागानं चलान पुसून टाकलं नाही. त्याचा स्क्रीनशॉट काढून रावेतच्या मालकांना पाठवला. तिकडून तासभरानं उत्तर आलं, "ऑइलचं तापमान किती होतं?"

मग तो मोबाइल घेऊन काळेवाडी फाट्याला गेला. मिस्त्री एका गाडीखाली आडवे होते. त्यांनी एक हात बाहेर काढून मोबाइल घेतला, बराच वेळ बघितला आणि परत दिला.

"गिअर कितवा होता?"